अतिजोखमीच्या बाळांचा विकास आणि घराला आधार: नागपुरातल्या अभ्यासाची आखणी तपासून द्या

गृहविज्ञान_संशोधक

नमस्कार. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानवविकास या विषयात पीएचडीचं काम सुरू करते आहे. जन्मल्यावर दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहून घरी गेलेल्या बाळांचा पहिल्या वर्षातला विकास, आणि ज्या घरांत पुढे अपंगत्वाची शक्यता दिसते त्यांना कोणता आधार लागतो, असा विषय आहे.

आराखडा असा: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोखाली जन्मलेली ६० बाळं. ६ आणि १२ महिन्यांना डासी ही बाळाच्या विकासाची चाचणी, त्याच दिवशी आईची तणावाची प्रश्नावली, अभ्यास संपताना एक पालक मार्गदर्शन शिबिर. घरं नागपूर शहर, कामठी, हिंगणा आणि उमरेडकडची.

चाचणीची वयं बरोबर आहेत का? ६० पुरतील का? आणि घरांना आधार म्हणून शिबिराशिवाय काय देता येईल? ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

बालविकास_थेरपी

ताई, सगळ्यात आधी वयाचा घोळ मिटवा. ६ आणि १२ महिने म्हणजे जन्मतारखेपासून की करेक्टेड वयानुसार, हे आराखड्यात कुठेच नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय ४० आठवड्यांपासून मोजायचं आणि दोन वर्षांपर्यंत तसंच मोजत राहायचं, हेच करेक्टेड वय. ३२ व्या आठवड्यात झालेलं बाळ जन्मतारखेनं ६ महिन्यांचं झालं, म्हणजे २६ आठवड्यांचं, की त्यातून ८ वजा करायचे. उरले १८ आठवडे, म्हणजे चार महिन्यांच्या थोडं वर. या बाळाचं विकासवय ४.१ महिने आलं तर जन्मतारखेच्या हिशेबानं विकासांक (विकासवय भागिले वय, गुणिले १००) ६८ निघतो आणि करेक्टेड वयानं १००. पहिल्या आकड्यावर तुम्ही त्याला विलंबाच्या गटात टाकाल, कारण ७० किंवा त्याखाली म्हणजे विलंब अशी रेघ आहे. बाळात मात्र काहीच कमी नाही.

गर्भावस्थेचे आठवडे आईच्या तोंडून घेऊ नका. ‘सातव्यात झालं’ याचा अर्थ एका घरी सातवा लागला होता, दुसऱ्या घरी सात पूर्ण झाले होते. तिथेच चार आठवड्यांचा फरक पडतो. डिस्चार्ज कार्ड आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी बघा, दोन्हींचा फोटो फाइलला लावा. कार्डावरून आणखी टिपायचं ते म्हणजे जन्मवजन, झटके आले होते का, व्हेंटिलेटर किती दिवस, काविळीसाठी रक्त बदललं का, डोक्याची सोनोग्राफी काय सांगते.

डासीबद्दल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या बालविकास मापनावर आपल्याकडच्या बाळांची प्रमाणं बसवली, त्यातून ही चाचणी उभी राहिली. सुधारित आवृत्ती १९९७ ची. हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक, वय ३० महिन्यांपर्यंत. चाचणी उत्तम आहे, पण रीतसर प्रशिक्षण आणि मूळ साहित्याचा संच लागतो. लाल कडी हरवली म्हणून बांगडी दाखवली, ठोकळे वेगळ्या मापाचे घेतले, तर ते गुण प्रमाणांशी ताडता येत नाहीत. एका बाळाला पाऊण ते एक तास धरा.

दोन भेटींच्या मधे घरी जाऊन चाळणी करायला त्रिवेंद्रम डेव्हलपमेंटल स्क्रीनिंग चार्ट वापरा. त्यात १७ च घटक आहेत, ओळखीच्या हसण्यापासून बाहुलीचे अवयव दाखवण्यापर्यंत. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे संपलेला प्रत्येक घटक बाळाला यायला हवा. पाच-सात मिनिटं लागतात. चिमटीत बारीक वस्तू उचलण्याचा घटक आहे त्यासाठी मुरमुरा ठेवा. शेंगदाणा, फुटाणा अजिबात नको, श्वासनलिकेत अडकतो.

आता खरी उणीव. तुमची पहिली भेटच सहा महिन्यांना आहे, तीन महिन्यांची जोडा. सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचाली बिघडण्याची) शंका करेक्टेड वयाच्या पाच महिन्यांच्या आत ओळखायला दोन साधनं आहेत. एक म्हणजे हॅमरस्मिथ ही मज्जासंस्थेची तपासणी: २६ घटक, ७८ पैकी गुण. तीन महिन्यांना ५७ च्या खाली, सहा ते बारा महिन्यांत ७३ च्या खाली आले तर जोखीम मोठी. ४० च्या खाली म्हणजे जवळजवळ नक्की. दुसरं प्रेश्टल यांची जनरल मूव्हमेंट्स तपासणी, जी व्हिडिओवरून होते. ९ ते २० आठवडे करेक्टेड वयात निरोगी बाळाच्या मानेत, धडात, हातापायांत सतत बारीक, गोलसर चुळबुळ दिसते. ती अजिबात नसणं ही मोठी खूण. १२ ते १४ आठवड्यांना चित्रण केलंत तर सगळ्यात सोयीचं.

चित्रण असं करा. बाळ उताणं, जमिनीवर साध्या चादरीवर, अंगावर फक्त लंगोट. कुंची, मोजे, वाळे, मनगट्या काढलेल्या. मोबाईल वरून धरायचा, बोटांसकट पूर्ण अंग चौकटीत. तीन ते पाच मिनिटं. बाळ जागं आणि शांत हवं. भुकेलं, रडणारं, चोखणी तोंडात असलेलं चालत नाही. सगळ्यात जास्त व्हिडिओ वाया जातात ते कुणीतरी बाजूनं खुळखुळा वाजवल्यामुळे. बाळ आवाजाकडे बघू लागलं की चुळबुळ थांबते आणि तपासणारा ‘नाही’ लिहितो. आजीला आधीच सांगा, पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. नागपूरच्या डिसेंबरात सकाळी आठला बाळाचे कपडे काढायला कुणी तयार होणार नाही, दुपारी जा. मेमध्ये उलट, साडेनऊच्या आत आटपा.

व्हिडिओचं मूल्यमापन प्रशिक्षित व्यक्तीनंच करायचं, तुम्ही फक्त चित्रण करा.

आकडेमोड

६० चं गणित सांगा. बाळांचे दोन गट करून तुलना करायची आणि त्यांत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका फरक पकडायचा असेल, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के, तर प्रत्येक गटात ६४ बाळं शेवटपर्यंत हवीत. विकासांक आणि आईचा तणाव यांचा ०.३ इतका सहसंबंध दाखवायचा असेल तर ८५. चौथा हिस्सा गळेल असं धरलं तर पहिल्याला गटागणिक ८६, दुसऱ्याला ११४ घेऊन सुरुवात करावी लागेल. ६० च घ्यायची असतील तर तुलना सोडा, वर्णनात्मक अभ्यास म्हणा, निवडक १५ घरांच्या सखोल मुलाखती घ्या. ते काम कमी दर्जाचं नाही.

गळती कुठे होते ते आधीच ठाऊक आहे. बाळंतपण माहेरी, नोंद माहेरच्या पत्त्यावर, तीन-चार महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी. मोबाईल नवऱ्याचा, तो कामावर. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी चार गोष्टी लिहून घ्या: माहेरचा पत्ता, सासरचा पत्ता, दोन्हीकडच्या आशाताईंचा नंबर, आणि शेजारचा किंवा दुकानाचा एक नंबर. आशाताई नवजात बाळाच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देतात आणि पुढे ३, ६, ९, १२, १५ महिन्यांना. तुमच्या तारखा त्या भेटींना जुळवल्या तर अर्धी शोधाशोध वाचते. मेडिकल, मेयो किंवा डागा या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतून बाळं घेतलीत तर छिंदवाडा, बालाघाटकडचीही येतील. ती वगळायची की ठेवायची हे सुरुवातीलाच लिहा, मधेच ठरवू नका.

जी घरं गळतात ती बहुधा जास्त अडचणीतली असतात. गळलेल्यांचं जन्मवजन, आठवडे, आईचं शिक्षण यांची राहिलेल्यांशी तुलना तक्त्यात द्या, नाहीतर निकाल खोटा चांगला दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोखालच्या बाळांचा माग तारुण्यापर्यंत ठेवला गेला. मराठी मुलखातल्या घरांना इतकी वर्षं कसं धरून ठेवलं, यासाठी ते सगळे शोधनिबंध क्रमानं वाचा.

आणि डासी करणाऱ्या व्यक्तीला बाळाचा इतिहास कळता कामा नये. आईची मुलाखत दुसऱ्यानं घ्यावी.

गृहविज्ञान_संशोधक

दोघांचेही आभार. तीन महिन्यांची भेट घेते, आणि तुलना सोडून वर्णनात्मक करण्याचा विचार आहे. आईच्या प्रश्नावलीसाठी सिकंदराबादच्या संस्थेची कुटुंब गरज सूची घ्यावी का? आणि शिबिराचं काय?

समाजकार्य_विदर्भ

मॅडम, शिबिर शेवटी ठेवून राहिले तिथेच चूक आहे. तिसऱ्या महिन्यात ज्या घरात शंका निघाली त्यांना नऊ महिने थांबवून मग मार्गदर्शन देणार का? बाळाच्या मेंदूची घडण सगळ्यात वेगात होते ती हीच वेळ. आधार पहिल्या भेटीपासून, आणि मोजमाप त्या आधारासकट. ‘आधारामुळे निकाल बदलेल’ ही भीती असेल तर काय आधार दिला याची तारीखवार नोंद ठेवा, ती तुमच्या प्रबंधाचाच भाग होईल.

कुटुंब गरज सूची चांगली आहे, पण ती बौद्धिक अक्षमता ठरलेल्या मुलांच्या पालकांसाठी बनली. त्यात वसतिगृह, लग्न, व्यवसाय यांचेही प्रश्न आहेत. चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘याला वसतिगृह लागेल का’ असं विचारलं तर ती त्या दिवशी दुसरं काही ऐकणार नाही, पुढच्या भेटीला येणारही नाही. निदान नसलेल्या बाळांसाठी माहिती, सेवा, पैसा, घरातल्या माणसांची साथ आणि स्वतःचं मन, एवढेच भाग घ्या आणि मूळ सूचीतून काय गाळलं ते लिहा.

मनासाठी एडिनबरो ही बाळंतपणानंतरच्या नैराश्याची प्रश्नावली घ्या. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, ० ते ३० गुण. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याशिवाय काहीही आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी मानसोपचारापर्यंत पोहोचवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालतो. तो आईच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोर टाकून द्या. ही वाट नैतिकता समितीच्या अर्जातच लिहा, समिती ती विचारतेच. प्रश्न सासूसमोर विचारू नका, सगळी उत्तरं ‘बरं आहे’ अशीच येतील. सासूबाईंना त्याच वेळी दुसऱ्या खोलीत बाळाच्या मालिशीबद्दल विचारायला सहकारी हवा. मातृसेवा संघाच्या समाजकार्य संस्थेतल्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य असतंच, तिथे विचारा.

वडिलांना वगळू नका. पैशाचा आणि प्रवासाचा निर्णय बहुतेक घरांत तेच घेतात, आणि आईनं घरी जाऊन सांगितलेलं अर्धंच पोहोचतं. निदान एक भेट रविवारी ठेवा.

आता सव्वा महिन्याची गोष्ट. डोळ्याच्या पडद्याची तपासणी तुमच्या गटातल्या प्रत्येक बाळाची जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. २८ आठवड्यांखालची किंवा १२०० ग्रॅमखालची असतील तर दोन-तीन आठवड्यांतच. इकडे घरात बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर काढत नाहीत. रीत मोडा म्हटलं की घर दुखावतं. आजीला सरळ कारण सांगा: पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, त्या वाकड्या वाढल्या तर पडदा ओढून सुटतो, वेळेत लेसर किंवा इंजेक्शन झालं तर नजर वाचते, महिना उलटला तर नाही वाचत. हे ऐकल्यावर आजीच दुपट्यात गुंडाळून रिक्षात बसते. कानाचंही तसंच: एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय. पेटीत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाला नुसती ओएई ही कानाची चाळणी पुरत नाही, कानापासून मेंदूपर्यंतची नस तपासणारी बेरा हवी. ओएई कानाच्या आतल्या पेशीपर्यंतच बघते, पुढची नस बिघडली असेल तर ती ‘पास’ दाखवते.

कागदपत्रं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र येतं, तिथे थेरपी मोफत. तिथे जायला अपंगत्वाचा दाखला लागत नाही. हे घराला दोनदा सांगा, कारण ‘आधी दाखला काढू मग थेरपी’ म्हणत लोक वर्ष घालवतात. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं राष्ट्रीय ओळखपत्र) नंतर. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलती ४० टक्के अपंगत्वापासून. लहान बाळाला मुदतीचा दाखला मिळतो, कायमचा नाही, त्यामुळे मुदतीची तारीख फाइलच्या वरच लिहा. पाच वर्षांखाली बौद्धिक अक्षमता असं लिहीत नाहीत, सर्वांगीण विकास विलंब लिहितात. अर्ज राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे करता येतो.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्यविमा योजना: वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही धरतात. बिलावर तारीख, सही, नोंदणी क्रमांक नसेल तर परत येतं. नोकरदार बापाला अपंग मुलासाठीची आयकर वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी) सांगा: ७५ हजारांची वजावट, ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख. पण फक्त जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर शून्य.

शिशु_फिजिओ

वरच्या सगळ्यात घरी रोज काय करायचं हे राहिलं. वीस व्यायामांचा छापील कागद देऊ नका. पहिल्या आठवड्यात सगळे करतात, तिसऱ्यात कुणीच नाही, आणि आई स्वतःला दोष देत बसते. तीनच गोष्टी द्या, त्याही रोजच्या कामात बसणाऱ्या.

उचलणं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणाऱ्या बाळाला दुपट्यात पाय जुळवून आडवं धरलं की मांडीच्या आतले स्नायू आणखी आखडतात. ते कडेवर घ्यायला शिकवा, दोन्ही पाय आईच्या कमरेला फाकून. दिवसातून जितक्या वेळा उचलतात तितक्या वेळा ताण मिळतो, वेगळा व्यायाम लागत नाही. अट एकच: मान सावरलेली हवी. नसेल तर पाठ आईच्या छातीला टेकवून, एक हात बाळाच्या मांड्यांच्या मधून.

पालथं घालणं. बाळ रडतं म्हणून बहुतेक घरं सोडून देतात. छातीखाली टॉवेलची सुरळी ठेवायची, बाळाच्या मनगटाहून थोडी जाड, कोपर सुरळीच्या पुढे. अंघोळीनंतर एक मिनिट, दिवसातून पाच-सहा वेळा, समोर आईचा चेहरा. दूध पाजल्यावर लगेच नको. झोपवताना मात्र नेहमी उताणंच.

भरवणं. इथे चुकलं तर बाळ न्यूमोनियानं दवाखान्यात जातं. आडवं झोपवून, मान मागे टाकून वरणाचं पाणी तोंडात ओतलं की श्वासनलिका उघडी राहते आणि पाणी छातीत उतरतं. बाळ उभट, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून, खालून वर, वरच्या हिरडीला खरवडून रिकामा करायचा नाही. बाळानं ओठ मिटून ओढून घ्यायचं. पातळ पेज ठसका आणते, चमच्यावरून संथ घसरेल इतका मऊ भात किंवा नाचणीची खीर जाते. चमचा चावून धरणाऱ्या बाळाला स्टीलचा चमचा नको. भरवताना दर वेळी खोकला, डोळ्यांत पाणी किंवा घशात घरघर आली तर भरवणं थांबवून गिळण्याची तपासणी.

वॉकरचा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. आणू नका सांगा. त्यात बाळ चवड्यांवर ढकलतं, टाच टेकत नाही, ताठरपणा वाढतो. आणि जिन्यावरून पडतात. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

आणि ‘रांगलंच नाही’ एवढ्यावरून कुणाला घाबरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, ४.३ टक्के निरोगी मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. एकटं चालण्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने इतकी रुंद आहे. एक हात सतत मुठीत, एकाच हातानं सगळं घेणं, नऊ महिन्यांनंतरही बसता न येणं, यांकडे बघा. वर्षाच्या आत डावखुरं किंवा उजवं ठरलेलं बाळ दिसलं तर दुसरा हात तपासा.

गृहविज्ञान_संशोधक

शेवटचं एक विचारते. विलंब दिसला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं की अहवाल तयार झाल्यावर?

बालविकास_थेरपी

त्याच दिवशी, दोघंही समोर असताना. आधी बाळ काय करतं ते सांगा, मग काय अजून येत नाही ते. ‘मंद’, ‘नॉर्मल नाही’ असे शब्द नकोत, आणि ‘काही नाही, होईल आपोआप’ हेही नको. घरात कुणीतरी म्हणतंच की याचा बापही उशिरा चालला होता. त्यावर वाद घालू नका, चार आठवड्यांनी पुन्हा बघण्याची तारीख द्या आणि थेरपी आजपासून सुरू करा. निदान तुम्ही सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

हातात एकच कागद द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात: बाळाचं करेक्टेड वय, आज काय केलं, घरी करायच्या तीन गोष्टी, कुठे, कोणत्या वारी, कितव्या खोलीत जायचं, आणि तुमचा नंबर. केंद्रात आधी फोन करून वेळ ठरवा, पहिल्या वेळी शक्य झालं तर सोबत जा. एकटं पाठवलेलं घर चुकीच्या खिडकीवर रांग लावून दुपारी परत फिरतं. आठव्या दिवशी फोन करून गेले का ते विचारा, आणि गेले नसतील तर कशामुळे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.